गंधकाचं कडं

"ही सही तुमची नाही," काचेपलीकडची बाई म्हणाली. निळा स्कार्फ, बोटाला शाई, आवाजात राग नाही की काही नाही. सूक यिनला आधी वाटलं मागच्या कुणाला तरी म्हणतेय. मग बाईनं जुना पासपोर्ट आणि नवा फॉर्म शेजारी शेजारी ठेवून तिच्याकडे वळवले. जुन्यावर पाच वर्षांपूर्वीची सही. फूंग सूक यिन, मोठी, तिरकी, शेवटच्या रेघेला चांगलाच माज. नव्या फॉर्मवर तेच नाव, पण मुंग्यांची रांग चालल्यासारखं, आणि प्रत्येक मुंगी जरा थरथरतेय. "पुन्हा करा मिस. सावकाश करा." तिनं पुन्हा केली. मुंग्याच. तिसऱ्यांदा पेन कागदात घुसलं. "माझा हात, माझं पेन, माझं नाव, आणि तू कोण ठरवणार गं?" हे एवढ्या जोरात बाहेर आलं की सगळी रांग वळून बघायला लागली. बाई म्हणाली, "ओरडू नका मिस, मी तुमची दुश्मन नाही." मागचा टकला म्हातारा कँटनीजमध्ये म्हणाला, "सकाळी जेवली नाहीस का पोरी? रिकाम्या पोटी भांडू नये, आतडी पिळतात." दोघं तिघं हसले. शेवटी अंगठा घेऊन काम झालं. अंगठा तिचाच निघाला.

बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटत होतं. तिनं टपरीवर काळी कॉफी घेतली. प्लास्टिकच्या पिशवीत, दोरी बांधून देतात तशी. ती पिशवी बोटाला लटकवून चालताना तिचं लक्ष पिशवीकडे गेलं. आतली कॉफी हलत होती. चालण्यानं हलते तशी नाही. ती थांबली तरी हलतच राहिली, बारीक बारीक, मधोमध गोल गोल लाटा, मोठी गाडी जवळून गेल्यावर पाण्यात उठतात तशा. गाडी कुठेच नव्हती. रागाचंही तसंच झालं होतं हल्ली. आधी राग यायचा तर कशाचा तरी यायचा. आता तो आधीच येऊन बसलेला असायचा, भाडेकरूसारखा, आणि कारण मागून शोधावं लागायचं. लिफ्टचं दार सावकाश बंद होतं, हे कारण. कॉलेजातला तिचा प्रोफेसर, प्रोफ, चमचा कपावर वाजवतो, हे कारण. आणि तीन आठवड्यांपूर्वी खारवलेला मासा, हे कारण. आमा, म्हणजे तिची आई, मासा तळत होती, सूक यिन म्हणाली वास येतो, आमा म्हणाली, वास? तू दिवसभर त्या गंधकात बसून येतेस, बसमध्ये लोक तुझ्यापासून लांब उभे राहतात, आणि तुला माशाचा वास येतो? एवढंच. आमा हसतही होती. आणि सूक यिनच्या तोंडून वाक्य आलं, शांत आवाजात, ओरडून नाही. "बाबा त्या दिवशी कामाला निघालाच नव्हता. तुला टाकून निघाला होता. परतीचं तिकीटसुद्धा काढलं नव्हतं त्यानं." आमानं गॅस बंद केला. मासा अर्धा कच्चा होता. सकाळी ती सूक यिनच्या थोरल्या भावाकडे सेरेम्बानला निघून गेली, तिचे कपडे आणि भाताचा कुकर घेऊन. कुकर नेला म्हणजे परत येण्याचा विचार नाही, हे सूक यिनला कळलं. कळलं नाही ते एवढंच की ते वाक्य आलं कुठून. बाबा गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. इपोहला पाटी रंगवायला निघाला आणि तापाहजवळ बस उलटली. घरात एवढंच बोललं जायचं. तिकिटाबद्दल कुणी कधीच काही बोललं नव्हतं. तिनं तसा विचारही कधी केला नव्हता. तीन आठवडे ती स्वतःच्या डोक्यातले सगळे खण उघडून बघत होती आणि त्या वाक्याची जागा कुठेच सापडत नव्हती.

कॉलेजच्या जुन्या इमारतीत, लाकडी जमिनीच्या खोलीत, तिचं टेबल चार वर्षं तिथंच. खिडक्या कायम बंद, कारण एसी चालू. ती कडी बनवायची. कार्बनची साखळी, मध्ये मध्ये गंधक, आणि दोन्ही टोकं जुळवून गोल. पुस्तकात ह्यांना मुकुटाचं नाव आहे, पण मुकुट घातलेलं तिनं कुणी बघितलं नव्हतं, तिच्यासाठी ती कडीच. करायला अवघड. जास्त माल एकदम घातला की एकाचं टोक दुसऱ्याला धरतं आणि नुसता चिकट गोळा होतो. म्हणून भरपूर द्रावणात थेंब थेंब सोडायचं, तीस तास, इतकं विरळ की साखळीला आजूबाजूला कुणी सापडूच नये, आणि नाइलाजानं तिनं स्वतःचंच शेपूट धरावं. वास असा की मेलेल्या उंदरावर कुणी लसूण चुरडलाय. हातमोजे ब्लीचच्या बादलीत, भांडी ब्लीचमध्ये, केससुद्धा एकदा ब्लीचमध्ये. आणि एवढं करून कडं तयार झालं तरी रिकामं असताना त्यातली गंधकं बहुतेक वेळा बाहेर तोंड करून बसतात. मधल्या पोकळीकडे पाठ. एखाद्या घरात सगळी माणसं गोल बसलीयत आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, तसं. मग धातू आला, तांबं किंवा चांदी, की ती सगळी एकदम आत वळतात. हे पहिल्यांदा तिला कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पूर्वी कौतुकानं आला होता. हल्ली ती टेबलाशी एकटी असली की तिला उगाच वाटायचं, आपल्या पाठीमागे कुणीतरी आत्ता वळलं.

ह्या वेळी कडं होतं छोटं, नऊ अणूंचं, त्यात तीन गंधकं. तांब्याबरोबर घालून तिनं ते नळ्यांमध्ये लावलं होतं. करंगळीएवढ्या बारीक काचेच्या नळ्या, खाली तांब्याचं गडद द्रावण, वर हलक्या हातानं ईथर. दहा दिवस खणात ठेवायचं, हात लावायचा नाही, बघायचंही नाही, दोन्ही सावकाश एकमेकांत उतरतात आणि स्फटिक पडतो. नळ्या मात्र नव्या वापरायच्या नाहीत. नव्या काचेवर स्फटिकाला पाय ठेवायला जागा मिळत नाही, जुन्या ओरखड्यांच्या काचेवर मिळते. म्हणून ह्या धंद्यात प्रत्येकाच्या लकी नळ्या असतात. त्या कुणी ब्रशनं घासत नाही, मरताना वारसाला देतात म्हणे. सूक यिनला तिच्या मिळाल्या होत्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात. तिच्या आधी ह्या टेबलावर बसणाऱ्या बाईच्या, रोहायाच्या. तळाशी करडी धूळ होती. तिनं फुंकर मारली आणि द्रावण ओतलं. दहाव्या दिवशी खण उघडला तर चार नळ्या जशाच्या तशा गडद, आणि पाचवी पाण्यासारखी नितळ. शाईचा रंग गेला कुठे? तळाशी स्फटिक होते, सुंदर, धारदार, आणि रंग काही नाही. ती त्या नळीकडे किती वेळ बघत बसली कोण जाणे. कुणीतरी आत जाऊन तांबं खाऊन टाकलं आणि जाताना पसारा आवरून ठेवला, असं काहीतरी वाटत होतं. स्फटिक तिनं क्ष-किरणवाल्या फौझीला दिला होता, आणि आज पासपोर्टच्या कचेरीतून आल्यावर फौझी तिच्या टेबलाशीच उभा होता. हातात कागद, तोंडात शेंगदाणे.

"यिन, तुझं तांबं जाड झालंय," तो म्हणाला.

"सरळ बोल, माझं डोकं फिरलंय."

"ते रोजचंच. हे बघ. दोन कडी, वर एक, खाली एक, सहा गंधकं मस्त आत वळलेली, आणि मध्ये जो बसलाय तो तांबं नाही. तांब्याला एकोणतीस इलेक्ट्रॉन. ह्याला ऐंशी दिले तेव्हा कुठे गप्प बसला."

"ऐंशी म्हणजे पारा."

"पाराच. तू घातलास?"

"मी कशाला घालू? माझ्याकडे पारा नाही."

"तुझ्याकडे नाही," फौझी म्हणाला आणि शेंगदाणा चावायचा थांबला, "पण तुझ्या कड्याला कुठेतरी मिळाला ना."

दोघांनी एकदमच खाली बघितलं, नळ्यांच्या खणाकडे, मग त्याच्याखालच्या जमिनीकडे. जमिनीवर हिरवं लिनोलियम, चार वर्षं तिच्या खुर्चीच्या चाकांनी घासून पांढरं पडलेलं. फौझीनं कोपरा पट्टीनं उचकटला. खाली जुन्या फळ्या, आणि फळ्यांच्या फटीत, लांबच लांब, चकचकीत मणी. पावसानंतर तारेवर थेंब बसतात तसे, फक्त हे उडून न जाता वर्षानुवर्षं बसलेले. तिनं पाय हलवला. सगळे मणी एकदम थरथरले. तशीच थरथर. तिनं स्वतःचा हात समोर धरला, मग मणी बघितले, मग हात. फौझी मागे सरकला आणि म्हणाला, "खिडकी उघड. यिन, आधी खिडकी उघड." खिडकी उघडेना. रंगात चिकटून बसली होती. तिनं स्टूल मारून काच फोडली, आणि फोडतानाच तिच्या मनात आलं, हे मी करतेय की फटीतला पारा?

प्रोफेसर सेल्वनायगम आवाज ऐकून आले. शेजारचीच खोली त्यांची, तेच लिनोलियम. ते कप दोन्ही हातांनी धरतात हे सगळ्यांना माहीत होतं, वय झालं म्हणायचे. अक्षर इतकं बारीक झालं होतं की पोरं भिंग घेऊन शेरे वाचायची, त्यालाही वयच म्हणायचे. माणसं बोलायला आली की ते हल्ली लाजायचे, साठ वर्षांचा माणूस, नवरीसारखा. त्यांनी फटीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "अशुद्धी म्हणून लिही," ते म्हणाले. "एका नळीत भेसळ झाली. बाकी चार तांब्याच्याच आहेत. जपानच्या परिषदेला त्या चार घेऊन जा."

"प्रोफ, ही भेसळ नाही. हे आपण चार वर्षं श्वासात घेतोय. माझा हात बघा. तुमचा हात बघा!"

"माझा हात मी रोज बघतो."

"मग डॉक्टरकडे चला. आत्ता."

त्यांनी कप दोन्ही हातांनी तिच्या टेबलावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "मी ह्याच फळ्यांवर एकोणीस वर्षं बसलोय, सूक यिन. एकोणीस वर्षांत मी माझ्या बायकोशी कसा वागलो, पोरांशी कसा वागलो, मला ठाऊक आहे. आता तू मला सांगणार की तो मी नव्हतो?" आणि कप घेऊन आपल्या खोलीत गेले. दार लावलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

ती मात्र दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेली. लघवी तपासली. असायला हवा त्याच्या अकरा पट पारा. डॉक्टर पोरगेलासा होता, घाबरून फार हळू बोलत होता. हात थरथरतो ना? झोप येत नाही ना? तोंडाला धातूची चव? चिडचिड, विनाकारण भांडणं, स्वभाव बदलल्यासारखा? सूक यिन प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेली आणि प्रत्येक हो बरोबर तिच्या छातीवरचं काहीतरी उतरत गेलं. म्हणजे मी नाही. पेन कागदात घुसवणारी मी नाही. आमाला ते बोललेली मी नाही. औषध लागू पडलं तर दोन चार महिन्यांत जाईल, डॉक्टर म्हणाला. तिला तिथंच नाचावंसं वाटलं. आजाराचं एवढं सुख झालेली ती डॉक्टरला पहिलीच दिसली असावी. सेरेम्बानची बस धरायच्या आधी तिला ही गोष्ट अजून एका माणसाला सांगायची होती. अकरा वर्षांपूर्वी वर्गात एका पोराच्या थोबाडीत मारली म्हणून रोहायाला कॉलेजनं काढलं होतं. तिचा नवराही त्याच वर्षी गेला. मेला नाही, गेला. पत्ता फौझीनं काढून दिला.

रोहाया कांपुंग बारूच्या वस्तीत राहायची, घरीच पोळीएवढ्या केळीच्या पानांत चिकट भात गुंडाळून विकायची. जाड, शांत बाई. हात स्थिर. भाताच्या गुंडाळ्या एकसारख्या, मोजपट्टीनं केल्यासारख्या. "बस अदिक," ती म्हणाली, धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. "त्या नळ्या धुतल्या नाहीस ना? चांगल्या नळ्या होत्या."

"काक रोहाया, त्या नळ्यांमुळेच कळलं," सूक यिन म्हणाली, काक म्हणजे थोरली बहीण, आणि सगळं सांगितलं. रोहाया गुंडाळी करत राहिली. माझ्याही आधी त्या खोलीत पाऱ्याचं काम चालायचं, ती म्हणाली, काचेच्या नळीतून थेंब थेंब पारा पडायचा दिवसभर, टप टप, आणि सांडला की झाडूनं फटीत लोटायचे, झालं. मग सूक यिन म्हणाली, "म्हणजे ती थोबाडीत तुम्ही मारली नव्हती. तुम्ही लेखी द्या, मी रिपोर्ट देते, ते तुम्हाला परत..."

"नको," रोहाया म्हणाली.

"नको काय? तुमची नोकरी गेली! नवरा गेला!"

"ओरडू नकोस, शेजारी बाळ झोपलंय." तिनं हात पुसले. "अदिक, ज्या बाईनं त्या पोराला मारलं तिला मी अकरा वर्षं ओळखते. आधी मला तिची लाज वाटायची. मग हळूहळू जमलं आमचं. सकाळी उठते, नमाज पढते, भात लावते, ती बरोबर असतेच. आणि आज तू येऊन म्हणतेस ती मी नव्हतेच. मग अकरा वर्षं मी कुणाबरोबर जेवले?" सूक यिननं पुढ्यातलं एक पान उचलून पुसलं. रोहाया म्हणाली, "आईला काय सांगणार आहेस?" सूक यिन म्हणाली, सांगेन, तो पारा होता. रोहाया हसली, वाईट नाही, पण हसली. "पारा हात हलवेल. झोप उडवेल. कुणावर तरी ओरडायला लावेल. पण शब्द? शब्द कुठून आणेल गं तो? त्याला काय माहीत तुझ्या बापाचं?"

सेरेम्बानच्या बसमध्ये सूक यिन खिडकीशी बसली आणि ह्याच प्रश्नाला दाबून ठेवत राहिली, पाण्यात चेंडू दाबून धरावा तसा. रबराची झाडं मागे जात होती, रांगेत, प्रत्येक ओळ क्षणभर उघडायची, आत लांबवर अंधार दिसायचा आणि मिटायची. काही तरी ऐकलं असणार लहानपणी. दाराआडून. काका बोलला असेल. नाहीतर आपण सहज ठोकलं असेल. रागात माणूस काहीही ठोकतो. तिकीट हा शब्द सहज सुचण्यासारखाच आहे, बसचा अपघात म्हटल्यावर तिकीट येणारच. तिला हे पटत होतं. पुन्हा पुन्हा पटवावं लागत होतं एवढंच. तिनं रिपोर्टचा कागद पर्समधून काढून वाचला आणि ठेवला, असं पाच वेळा. आमाला इंग्रजी येत नाही, पण शिक्का बघेल. आमाचा शिक्क्यांवर फार विश्वास.

भावाच्या घरी दुपारची सामसूम होती. भाऊ कामावर, वहिनी पोरांना आणायला गेलेली. आमा मागच्या ओट्यावर बसून मटार सोलत होती. तीन आठवड्यांत बारीक झाली होती. तिनं वर बघितलं नाही. "जेवलीस?" तिनं विचारलं, म्हणजे भांडण संपलं नव्हतं पण दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. सूक यिन तिच्यापुढे उकिडवी बसली आणि भडाभडा बोलली. पारा, फळ्या, काच, डॉक्टर, अकरा पट, प्रोफचे हात. कागद पुढे केला. आमानं मटाराची टोपली बाजूला ठेवून कागद हातात घेतला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे तू आजारी होतीस."

"हो आमा."

"आणि ते मला तू बोलली नाहीस."

इथं ती थांबली. चेंडू हातातून निसटायला बघत होता. पण आमाचा चेहरा इतका आशेनं तिच्याकडे वळला होता. एवढी आशा तिनं त्या चेहऱ्यावर कधी बघितलीच नव्हती. "नाही आमा," ती म्हणाली. "मी नाही बोलले ते."

आमानं डोळे मिटले. श्वास सोडला, लांब, वर्षानुवर्षं धरून ठेवल्यासारखा. मग म्हणाली, "मलाही तेच वाटलं. तो तुझा आवाज नव्हताच." ती पुढे सरकली आणि सूक यिनचं मनगट धरलं. "तुला माहीत नाही, तू लहान होतीस. पुडूच्या देवळामागे एक बाई बसायची, तांदळातून मेलेल्यांना बोलावायची. मी तीनदा गेले. आपल्या घरचे तांदूळ घेऊन गेले. मिसेस चानचा नवरा आला, मासेवालीचा मुलगा आला, सगळ्यांचे आले. तुझा बाप नाही आला. तीनदा नाही. बाई म्हणाली, ह्याला तुमच्याशी बोलायचं नाही."

"आमा..."

"त्याच्या खिशात एकच तिकीट होतं. पोलिसांनी माझ्या हातात दिलं, फक्त जायचं. मी ते गिळलं, यिन. खरंच गिळलं, कागद चावून, पोलीस चौकीच्या मोरीत उभी राहून. कुणाला सांगितलं नाही. तुझ्या भावाला नाही, माझ्या आईला नाही. ते मला माहीत आणि त्याला माहीत." आमा आता कुजबुजत होती, आणि लाजल्यासारखी हसत होती. बोटांनी सूक यिनच्या मनगटाची थरथर चाचपत होती, दारावर कुणी वाजवतंय का ते ऐकावं तशी. "औषध कधी सुरू करणार?"

"उद्यापासून."

"उद्या ना. मग आज आहे तो तुझ्यात." तिनं सूक यिनच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. "मी रागावणार नाही. रडणार नाही. एवढंच विचार त्याला. कुणाकडे निघाला होता?"

सूक यिनला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? ती नाही म्हणायला लागली, नाही आमा, असं काही नसतं, तो नुसता धातू आहे. हे सगळं तिनं मनात नीट जुळवलं, आणि तोंड उघडलं, आणि तिची जीभ आपोआप वर गेली, टाळूला टेकली, आणि तिथं कुणा बाईच्या नावाचं पहिलं अक्षर तयार होऊन थांबलं.